साडभाऊचा प्रो

साहेब, तुम्ही कोण, कोणत्या देशात बसता, हे शेलूबाजारात कोणालाच माहीत नाही. पण शेलूबाजारातल्या नरेंद्र मनवरच्या घरात काडी तुम्ही टाकली, हा आरोप तुमच्यावर सरळ आणि तोंडावर आहे. टीव्हीला लावून खेळायचा, चांगला चालता गेमचा डबा होता. त्याच्यानंतर तुम्ही दुसरा काढला, तोही खपला. तेवढ्यानं तुमचं पोट भरलं नाही, म्हणून त्याच्याही डोक्यावर तुम्ही 'प्रो' आणून बसवला. चित्र आणखी चकचकीत, आतली जागा दुप्पट, पंखा मुका. कोणी मागितला होता? नरेंद्रने तर नाही. पण नरेंद्रच्या साडूने घेतला, आणि पुढे जे झालं त्याची पहिली ओळ तुमच्याच नावावर लिहावी लागेल. बाकीच्या ओळी नरेंद्रच्या.

बातमी फोनवर आली. शाळेला उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या. नरेंद्र शाळेत प्रयोगशाळा परिचर, म्हणजे परीक्षानळ्या धुणारा आणि बेडकांच्या बरण्या पुसणारा. पण प्रयोगशाळेची किल्ली कमरेला असल्याने विज्ञान आपल्या ताब्यात आहे असं त्याला वाटायचं. फोनवर साडू होता, उत्कर्ष पडघान, अनसिंगचा.

"जयभीम साडभाऊ! उभे हा का बसले?"

"बसलो हाव."

"मंग बसूनच राहा. प्रो आनला."

उत्कर्ष औषध कंपनीचा एमआर. डॉक्टरांपुढे दोन मिनिटांत गोळीचे आठ गुण सांगायची त्याला सवय. त्याच दमात तो सुरू झाला, "चित्र काढनारी चिप पंचेचाळीस टक्के फास्ट. दोन टीबीची एसएसडी. इकडे डोळा मिटला का तिकडे गेम चालू. आवाज म्हनसान तं, बाजूनं मुंगी चालली तर मुंगीचा ऐकू येईन, याचा नाई. आन एआय हाय त्याच्यात. साध्या चित्राचं भारी चित्र करते."

"साइड इफेक्ट?" नरेंद्रने विचारलं.

"बाजूच्याच्या छातीत जळजळ," उत्कर्ष म्हणाला आणि मनापासून हसला. मग सहज सांगावं तसं सांगितलं, "मामाजीले फोन केलता. उद्याच्या गाडीनं येऊन राह्यले अनसिंगले."

जळजळ खरोखर तिथे सुरू झाली.

मामाजी म्हणजे दोघांचे सासरे, भिवाजी तायडे. एकतीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले. बायको रुख्मिणी वारल्यापासून कामरगावात एकटे. दोन लेकी होत्या, नरेंद्रची स्नेहा आणि उत्कर्षची धम्मदीपा. पण लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हा त्यांचा जुना हेका. यायचे, चहा घ्यायचे, जेवायचे, आणि शेवटची जीप सुटायच्या आत खुंटीवरची पिशवी उचलायचे. "जवायाच्या घरी पसारा मांडनं बरं दिसत नाई," एवढंच म्हणायचे. स्नेहा रडून थकली, नरेंद्र बोलून थकला. नरेंद्रचे स्वतःचे वडील तो दहावीत असताना गेले होते. घरात एक मोठं माणूस खोकत, रागावत, पेपर चाळत बसलेलं असावं, एवढीच त्याची हाव होती. ती त्याने बायकोलाही सांगितली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी त्याने वाशिमहून वापरलेला जुना गेमचा डबा आणला. सोबत एकच डिस्क, बस चालवायच्या गेमची. मामाजी चहा पिऊन उठणार, तेवढ्यात पडद्यावर बस येऊन उभी राहिली. मामाजी परत बसले.

"हे कोन्या डेपोची?"

"जर्मनीची हाय, मामाजी."

"वळनावर काहून मारून राह्यला इतकी? आन इकडे."

त्या दिवशी मामाजींनी ती बस शेवटच्या थांब्यापर्यंत नेली, रिमोट खाली ठेवला आणि जाहीर केलं, "गाडी मुक्कामी हाय. मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर त्याच गावात झोपते. नियमच हाय तो." स्नेहाने न बोलता अंथरूण घातलं. लेकीच्या घरचा मुक्काम वेगळा आणि ड्युटीवरचा मुक्काम वेगळा, हे सगळ्यांनी एकदम मान्य केलं. तेव्हापासून मामाजी महिन्यातले वीस दिवस शेलूबाजारात ड्युटीवर असायचे.

त्यांच्या ड्युटीला तोड नव्हती. थांबा नसला तरी रस्त्यात माणूस दिसला की गाडी उभी करायचे. गेम त्यांचे गुण कापायचा, ते गेमला शिव्या द्यायचे, "उन्हात उभा हाय ना तो बिचारा!" स्नेहा स्वयंपाकघरातून ताटावर चमच्याने दोनदा ठण ठण करायची, त्याशिवाय गाडी हलायची नाही. चढ लागला की जुन्या डब्याचा पंखा असा काही ओरडायचा की शेजारची दुर्गाबाई भिंतीपलीकडून विचारायची, "स्नेहा, मिक्सरवर इतलं काय वाटून राह्यली व?" मामाजी मात्र त्या आवाजावर डुलायचे. "पाय, कसं वढून राह्यलं इंजिन!" आणि दर नव्या फेरीआधी पडद्यावर गोल चकरी फिरत राहायची, साडेतीन साडेतीन मिनिटं. डबा म्हातारा, त्याला गेम उचलायला वेळ लागायचा. मामाजी त्याला चहाचा थांबा म्हणायचे. त्या थांब्यावर नरेंद्र चहा आणायचा आणि मामाजी एकेक गोष्ट सांगायचे. अमुक साली पुरात बस कशी काढली, तमुक कंडक्टरने लग्नाच्या वऱ्हाडाला कसं उतरवलं. चकरी थांबली की गोष्ट अर्धवट राहायची. उरलेली पुढच्या थांब्यावर.

आता तोच ड्रायव्हर पिशवी भरत होता.

"चारच रोज जातो," मामाजी म्हणाले. "नवी गाडी आली तं ट्रायल घ्याच लागते." आणि त्यांनी बसची डिस्क दस्तीत म्हणजे रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली. नरेंद्रला वाटलं, आपल्याच घरातून सवतीला आहेर पाठवला जात आहे.

दुसऱ्या दिवशी धम्मदीपाने मोबाईलवर स्टेटस टाकलं. मामाजी गोल फिरणाऱ्या खुर्चीत, समोर दरवाजाएवढा टीव्ही, खाली पांढराशुभ्र डबा. वर लिहिलेलं, 'बाबा आणि प्रो'. नरेंद्रने ते दुपारपर्यंत अकरा वेळा पाहिलं.

"घासून जाईन ते पाहून पाहून," स्नेहा म्हणाली.

"टीव्ही कोनता हाय ते पाहून राह्यलो."

"टीव्ही नाई. बाबा तठी हासून राह्यले का, ते पाहून राह्यले तुमी."

नरेंद्रने फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला. "हासून राह्यले काय?"

"दात तं दिसून राह्यले."

झालं. नरेंद्र उठला, टीव्हीखालचा जुना डबा काढला आणि धुळीसकट टेबलावर आपटला. "आपलाच प्रो करतो याले. त्याच्यात हाय काय असं? एक एसएसडी, एक चांगला पंखा, आन रंग. बस."

"तुमाले येते?"

"प्रयोगशाळेत काय मी गोट्या खेळतो?"

पहिला भाग त्याला खरोखर आला, हीच शोकांतिका. त्याच संध्याकाळी वाशिमहून आणलेली एसएसडी त्याने मोबाईलवर व्हिडिओ लावून बसवली. जुनी हार्ड डिस्क काढली, नवी ढकलली, पेनड्राइव्हवरून सगळं परत भरलं. डबा चालू केला तर पाणी प्यायच्या आत पडदा हजर. पहिल्याच झटक्यात यश मिळालेला माणूस थांबत नसतो. पंखा अजून ओरडत होता. तो मुका करायला नरेंद्र डबा काखेत मारून मुन्नाकडे गेला.

मुन्नाचं दुकान हायवेला लागून. पंक्चर, ट्रॅक्टरची वायरिंग, मोटर वाइंडिंग, सगळं तिथेच. मुन्नाने झाकण उघडलं आणि मागे सरकला.

"भाऊ, याच्यात तं हरभरा पेरता येईन!"

"हवा मार."

"मारतो. पन पहिले टाकीतलं पानी सोडा लागते. गरमीत लय जमा होते कॉम्प्रेसरमंधी."

पाणी सोडायला दोन मिनिटं लागली असती. पण तेवढ्यात नरेंद्रच्या फोनवर धम्मदीपाचं नवं स्टेटस आलं. मामाजींच्या एका हातात रिमोट, दुसऱ्या हातात आइस्क्रीम. नरेंद्रकडे मामाजींना कधी आइस्क्रीम मिळालं नव्हतं. त्याने मुन्नाच्या हातातली हवेची नळी ओढली.

"ट्रॅक्टरच्या टायरले किती मारत तू?"

"तीस."

"चाळीस कर. प्रो हाय हा."

हवा सुटली. तिच्यासोबत गंजाचं लाल पाणीही सुटलं. पंखा सोयाबीनच्या मळणीयंत्रासारखा उलटा फिरला, दोन वर्षांची धूळ मुन्नाच्या तोंडावर गेली, आणि समोर चहा पीत बसलेले उकंडराव नावाचे गिऱ्हाईक कप घेऊन रस्त्याच्या पलीकडे गेले. नरेंद्र थांबला नाही. डिस्क आत जायच्या फटीत त्याला थोडी धूळ दिसली. त्याने नळीचं तोंड फटीत खुपसलं आणि घोडा दाबला. आत काहीतरी 'टक्' वाजलं.

"काय वाजलं ते?" मुन्नाने डोळे पुसत विचारलं.

"धूळ निघाली."

"धूळ टक् नाई करत, भाऊ."

पण नरेंद्र ऐकायच्या पलीकडे गेला होता. डबा मुन्नाच्या टिनावर दुपारभर उन्हात वाळवला. नवा पंखा बसवला, चिपवर नवी पेस्ट लावली. झाकण लावल्यावर तीन स्क्रू उरले. "कंपनीनं जास्तीचे देल्ले असतीन," नरेंद्र म्हणाला आणि खिशात टाकले. मुन्नाची बहीण अर्शिया शेजारच्या दुकानात गाड्यांवर रेडियमची अक्षरं चिकटवून द्यायची. तिने हिरव्या रेडियममध्ये 'प्रो' कापला, डब्यावर चिकटवला आणि गंभीरपणे विचारलं, "मागून 'अंतर ठेवा' पन लावून देऊ काय?"

"लाव," नरेंद्र म्हणाला.

घरी येऊन त्याने डबा चालू केला. पडदा क्षणात आला. आवाज नाही. त्याने कान टेकवला. खरंच नाही. भिंतीपलीकडून दुर्गाबाईने काळजीने विचारलं, "काहून व स्नेहा, मिक्सर जळला काय?" नरेंद्रला या एका वाक्याने जे समाधान दिलं ते लग्नातही मिळालं नव्हतं. गेम लावून पाहायचं त्याला सुचलं नाही असं नाही. डिस्कच घरी नव्हती. ती अनसिंगला, मामाजींच्या दस्तीत.

त्याने लगेच फोन लावला. "मामाजी, आपली गाडी वर्कशॉपमधून निघाली. नवीकोरी झाली."

पलीकडून लगेच मामाजी म्हणाले, "उद्या येतो मी."

चार दिवसांचे दोनच झाले होते! नरेंद्र स्वयंपाकघरात जाऊन स्नेहासमोर अक्षरशः नाचला. ते इतक्या लवकर का येत आहेत, हा प्रश्न त्याच्या डोक्याला शिवला नाही. हेवा जिंकला की चौकशी करत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप दारात थांबली. आधी मामाजी उतरले. मागून उत्कर्ष उतरला, छातीशी एक पिशवी धरून, जशी बाळंतिणीला घरी आणताना बाळाची दुलई धरतात तशी. पिशवीत प्रो होता. उत्कर्षचा चेहरा मुदत संपलेल्या औषधासारखा.

"दरवाजाच नाई त्याले," मामाजी आल्या आल्या म्हणाले.

"कोनाले?"

"तुह्या साडूच्या गाडीले. चहूकडून पाह्यलं, उलटी करून पाह्यली. डिस्क घालाले फटच नाई कुठी."

नरेंद्रने उत्कर्षकडे पाहिलं. उत्कर्षने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "डिस्कचा कप्पा अलग घ्या लागते म्हने," तो पुटपुटला. "लिवलं होतं खोक्यावर. बारीक अक्षरात."

"साइड इफेक्ट बारीकच लिवते ना?" स्नेहा म्हणाली.

"मंग मी तोच गेम नेटवरून उतरवाले लावला. अनसिंगची रेंज, मोबाईलचं नेट. दीड रोजात सतरा टक्के झाला. तवरीक दुसरा एक फुकटचा गेम लावून देल्ला मामाजीले, कारचा."

"कार!" मामाजी म्हणाले. "एका मानसासाठी येवढी मोठी सडक! कोनी चढत नाई, कोनी उतरत नाई. आवाज नाई, गाडी चालू हाय का बंद, ड्रायव्हरले समजत नाई. आन डोळा लवला का सुरू. चा प्यावा कवा मानसानं?"

"आइस्क्रीम देल्लं होतं मी," उत्कर्ष म्हणाला.

"देल्लं. पन खाले टाइम कुठी होता? हातातच इतळलं."

उत्कर्षने पिशवी खाली ठेवली. पहिल्यांदाच तो गुण सांगितल्यासारखं बोलत नव्हता. "साडभाऊ, खरं सांगू काय? दोन रोजात मामाजी आमच्या घरी चार शब्द बोलले असतीन. धम्मदीपा म्हने, ताईच्या इथी तं बाबा दिवसभर गोष्टी सांगते. म्हटलं, पाहू तरी कोनता डबा हाय तुमचा."

असा क्षण नरेंद्रच्या आयुष्यात परत येणार नव्हता. त्याने टॉवेल ओढून डबा उघडा केला. हिरवा 'प्रो' चमकला. त्याने बटण दाबलं, पडदा क्षणात आला. मामाजींनी दस्ती सोडली, डिस्क फुंकरून पुसली आणि फटीत घातली.

डिस्क अर्धी आत गेली आणि बाहेर आली.

मामाजींनी परत घातली. परत बाहेर. तिसऱ्यांदा नरेंद्रने स्वतः घातली, अंगठ्याने दाबून धरली. डब्याने ती सावकाश बाहेर काढली, लहान पोर जीभ दाखवतं तशी, आणि तशीच बाहेर ठेवली. नरेंद्रला ते 'टक्' आठवलं. खिशातले तीन स्क्रू आठवले.

स्नेहाने दोन्ही डब्यांकडे पाहिलं. "झाला व माय, आपला बी झाला प्रो. पुरा."

मामाजींनी डब्याला कान लावला. "इंजिन बंद हाय काय?"

"चालू हाय, मामाजी. आवाज काढला त्याचा."

"आन तो चहाचा थांबा?"

"तो बी काढला."

मामाजींनी डिस्क दस्तीत गुंडाळली आणि खुंटीवरची पिशवी उचलली. "साडेपाचची जीप भेटते कामरगावले जायले."

"राहा ना मामाजी," नरेंद्र म्हणाला.

"कोन्या ड्युटीवर?"

नरेंद्रने खिशातले तीन स्क्रू काढून टेबलावर ठेवले. "मीच मोडली गाडी. तुमी तिकडचेच होऊन जासान, असं वाटलं मले. फोटोत दात दिसून राह्यले होते तुमचे."

"ते खिडकीतलं ऊन लागून राह्यलं होतं डोयावर," मामाजी म्हणाले. पिशवी अजून हातातच होती. ते स्क्रूंकडे पाहत राहिले, मग डब्याकडे, मग 'अंतर ठेवा'कडे. "वर्कशॉपमंधी पाठवाच्या आंधी ड्रायव्हरले इचारलं होतं काय कोनी?"

"नाई."

"मंग हे ब्रेकडाऊन हाय." मामाजींनी पिशवी परत खुंटीला न अडकवता पार कपाटात नेऊन ठेवली. आजवर ती दाराजवळच्या खुंटीच्या पुढे गेली नव्हती. "आन ब्रेकडाऊन गाडी सोडून ड्रायव्हर जात नसते. मेडशीच्या रानात एक वख्त दीड रोज बसलो होतो मी गाडी राखत. मदत येईपरेंत हलाचं नाई. स्नेहा, माहे दोन सदरे टांगून दे. दुरुस्तीले किती रोज लागतीन, जवाई?"

नरेंद्रच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग त्याने अतिशय दुःखी चेहरा केला. "पार्टच भेटत नाई मामाजी याचा. महिना लागीन. दोन बी लागतीन."

"लागू दे. चा ठेव. तं मेडशीच्या रानात काय झालं..."

त्या दुपारी मामाजींनी मेडशीची गोष्ट पहिल्यांदाच पूर्ण सांगितली. मध्ये कोणतीही चकरी थांबली नाही. चहासोबत नरेंद्रने मुन्नाच्या हवेची आणि टाकीतल्या पाण्याची हकीकतही सांगून टाकली. उत्कर्षही मुक्कामालाच थांबला आणि कोपऱ्यात बसून ऐकत होता. त्याच्या मांडीवर पांढराशुभ्र, धडधाकट, पंचेचाळीस टक्के वेगवान प्रो होता, आणि तो त्या हिरव्या अक्षरांच्या मोडक्या डब्याकडे ज्या नजरेने पाहत होता, ती नजर नरेंद्रने ओळखली. चार दिवस ती त्याचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरेंद्र मुन्नाकडे गेला, त्या पार्टची काही घाई नाही, उलट भेटला तर सांगू नको, एवढंच सांगायला. दुकानात त्याच्या आधी एक गिऱ्हाईक उभं होतं. छातीशी पिशवी होती.

"मुन्नाभाऊ, याले बी थोडी हवा मारून द्या."

"भाऊ, हा तं नवा हाय. चालू हाय."

"म्हनूनच तं," उत्कर्ष हळूच म्हणाला. "आन टाकीतलं पानी सोडू नोका."

तर साहेब, असं आहे. पुढच्या खेपेला तुम्ही आणखी वेगवान, आणखी मुका डबा काढाल, आणि त्याला आणखी एक फट कमी असेल. काढा. तुमचा धंदा आहे. पण एसटीलासुद्धा थांबा बंद करायचा असेल तर गावाला आधी कळवावं लागतं. गाव मोर्चा काढतं, सरपंच अर्ज देतो, साहेबाला खुर्चीतून उठून बाहेर यावं लागतं. तुम्ही बाहेर या आणि गोल गोल न बोलता सांगा: तो साडेतीन मिनिटांचा चहाचा थांबा तुम्ही कोणाला विचारून बंद केला?